तळ्यापर्यंत वीज नेताना

परसातले किंवा शेताच्या कोपऱ्यातले तळे ही आपल्याकडे आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कर्नाटकाच्या कोरडवाहू भागात २०१४ साली सुरू झालेल्या कृषी भाग्य योजनेतून अनेकांनी शेततळी खोदली. सीमेपलीकडच्या आपल्या सोयऱ्यांनी २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून खोदली. कुणी त्यात रोहू-कटला सोडले, कुणी त्यावर भाजीचा मळा भिजवला. तळे झाले की पाठोपाठ विजेची गरज येते. पाणी उपसायला पाणबुडी मोटर हवी, मासळीसाठी पाणी घुसळणारे एअरेटर हवे, रात्री राखणीला एक दिवा हवा. मग घरातून एक वायर बाहेर निघते, पेरूच्या फांदीवरून शेवग्यावर, शेवग्यावरून बांधावरच्या खुंटावर जाते, मधे दोन ठिकाणी काळी टेप गुंडाळली जाते, आणि काम झाले असे आपण समजतो.

शेतकरी बंधुभगिनींनो, पाणी आणि वीज एकत्र आणण्याचे हे काम आपण जितके किरकोळ समजतो तितके ते नाही. आपल्या देशात विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंची सरकारी नोंद गेली काही वर्षे दरवर्षी दहा हजारांच्या वर आहे. अशा घरी सांत्वनाला गेले की एक वाक्य हमखास ऐकू येते: “फादर, फ्यूज तर होता की! तो उडाला का नाही?” या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले तर पुढचे सारे आपोआप समजते. म्हणून थोडे गणित करू.

आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची असते. माणसाची कातडी कोरडी असली तर ती विजेला बऱ्यापैकी अडवते. तीच कातडी भिजली, पाय चिखलात असले, की शरीराचा अडथळा हजार ओहमच्या आसपास येतो. २३० ला हजाराने भागले की अंगातून जाणारा प्रवाह मिळतो: २३० मिलिअँपियर. आता फ्यूजकडे पाहू. लहानात लहान फ्यूज पाच अँपियरचा, म्हणजे पाच हजार मिलिअँपियरचा. माणसाच्या अंगातून जो प्रवाह जातो तो त्याच्या विसाव्या हिश्शाएवढाही नाही. फ्यूजला त्याची जाणीवच होत नाही. फ्यूज काय किंवा हल्लीची एमसीबी काय, ती वायर तापून आग लागू नये म्हणून बसवलेली असते. माणसासाठी ती नाही.

मग माणसाला मारायला किती वीज लागते? अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅल्झील नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वयंसेवकांच्या हाती तार देऊन, कितव्या प्रवाहाला माणसाला मूठ सोडता येत नाही हे मोजले. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपियर आली, स्त्रियांची साडेदहा. मुलांची अर्थातच त्याहून कमी धरायची. त्यापुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. ‘करंटने ओढून घेतले’ असे आपण म्हणतो ते हेच; वीज ओढत नाही, आपलीच मूठ आवळली जाते. आणखी वाढला की छातीचे स्नायू आखडून श्वास थांबतो, आणि साधारण ३० मिलिअँपियरच्या पुढे प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. तळ्यात उभ्या असलेल्याचे तर आणखी वाईट. हृदय बंद पडण्याइतका धक्का बसलाच पाहिजे असे नाही. हातपाय आखडले की पोहता येणारा माणूसही कमरेएवढ्या पाण्यात बुडतो, आणि लोक म्हणतात, पाय घसरला.

ट्रॅपिस्ट संन्यासी व लेखक थॉमस मर्टन यांचे नाव काही वाचकांना ठाऊक असेल. १० डिसेंबर १९६८ रोजी थायलंडमध्ये बँकॉकजवळ एका परिषदेसाठी ते गेले असता खोलीत मृतावस्थेत सापडले. अंगावर उभा पंखा पडलेला होता, आणि पंख्यातील दोषामुळे विजेचा धक्का बसला असे तेव्हा नोंदले गेले. स्नान करून ते नुकतेच बाहेर आले होते, असे सांगतात. ओल्या अंगाला साधा पंखाही पुरतो, हे सांगण्यासाठी हा उल्लेख केला.

याच डॅल्झील यांनी १९६१ साली या संकटावरचे यंत्रही बनवले. त्याच जातीचे यंत्र आपल्याकडे ‘आरसीसीबी’ नावाने मिळते. जुने वायरमन त्याला ‘ईएलसीबी’ म्हणतात. त्याचे काम शेतकऱ्याला चटकन कळण्यासारखे आहे. पाटाच्या वरच्या तोंडाला जितके पाणी सोडले तितके खाली पोचले नाही, तर मधे कुठेतरी पाट फुटला हे आपण ओळखतो. आरसीसीबी हेच करते. एका तारेने गेलेली वीज दुसऱ्या तारेने पुरती परत आली की नाही हे ती सतत ताडते. ३० मिलिअँपियरचा जरी फरक पडला तरी डोळ्याचे पाते लवेपर्यंत पुरवठा तोडते. तो फरक कुणाच्या अंगातून जमिनीत गेला असू शकतो, एवढेच तिला ठाऊक. अमेरिकेच्या वीज-नियमावलीने पोहण्याच्या तलावातील दिव्यांसाठी असे यंत्र १९६८ सालीच सक्तीचे केले. आपल्या तळ्याला ते आजही क्वचितच दिसते.

दुकानात मागताना ‘३० मिलिअँपियरची आरसीसीबी’ असे स्पष्ट म्हणावे. शेजारीच एमसीबी ठेवलेली असते व ती दिसायला तशीच असते. खूण अशी की आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे एक छोटे बटण असते. सिंगल फेजला दोन पोलची, थ्री फेजला चार पोलची लागते. शंभर किंवा तीनशे मिलिअँपियरचीही मिळते, पण ती आगीपासून बचावासाठी, माणसासाठी तीसच. दोन पोलची चांगल्या कंपनीची घेतली तरी खर्च साधारण दोन-अडीच हजारांत बसतो. मोटर, पाइप, प्लास्टिकचे अस्तर यांवर आपण जे घालवतो त्याच्या मानाने हे काहीच नव्हे, आणि ‘यंदा नको, पुढच्या वर्षी पाहू’ असे जिच्याबाबत म्हणू नये अशी ही वस्तू आहे. ती घराच्या बाजूला, जिथून तळ्याची वायर सुरू होते तिथे बसवावी, म्हणजे मधल्या सगळ्या वायरीवर तिचा पहारा राहतो. सोबत एमसीबीही हवीच, कारण वायर तापणे आरसीसीबीला कळत नाही. महिन्यातून एकदा ते ‘टी’ बटण दाबून पाहावे. खट्कन पडली तर ठीक. पडली नाही तर त्याच दिवशी बदलावी. एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. कुणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर गेली तेवढी वीज परत येते आणि यंत्राला काही वावगे दिसत नाही.

‘ती सारखी पडते, म्हणून काढून टाकली’ असे सांगणारे बरेच भेटतात. हे म्हणजे राखणीचा कुत्रा भुंकतो म्हणून त्याला हाकलून देणे. ती पडते याचा अर्थ कुठेतरी गळती आहे: मोटरच्या गुंडाळीत पाणी शिरले असेल, टेपचा सांधा चिखलात लोळत असेल, नाहीतर वायरमनने न्यूट्रल आणि अर्थ आरसीसीबीच्या पुढे कुठेतरी एकत्र जोडले असतील. एकेक भाग सुटा करून पाहिला की चोर सापडतो.

आता अर्थिंग. खानापूरकडच्या व गोव्याच्या जांभ्या जमिनीत, विशेषतः उन्हाळ्यात, चांगले अर्थिंग मिळणे कठीण. समजा अर्थिंगचा अडथळा शंभर ओहम आहे. मोटरच्या लोखंडी अंगात फेज उतरली तर २३० भागिले शंभर, म्हणजे २.३ अँपियर एवढाच प्रवाह जमिनीत जाईल. पाच अँपियरचा फ्यूज जागचा हलणार नाही आणि मोटरचे अंग जिवंत राहील. तिथेच आरसीसीबी असती तर तीस मिलिअँपियरलाच पडली असती. म्हणून खडकाळ जमीन असणाऱ्याने तर ती घ्यावीच. तरीही अर्थिंगला फाटा देऊ नये. भारतीय मानकाप्रमाणे किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप उभा पुरावा, भोवती कोळसा व मिठाचे थर द्यावेत, वर फनेल ठेवून उन्हाळ्यात त्यात पाणी घालीत राहावे. सिमेंटने खड्डा बांधून घेतला आणि पुढे दहा वर्षे कुणी त्यात तांब्याभर पाणी ओतले नाही, असे दृश्य फार दिसते.

प्लास्टिकच्या अस्तराच्या तळ्यांबद्दल निराळे सांगावे लागेल, कारण त्यांत एक फसवी गोष्ट आहे. मातीच्या तळ्यात मोटर गळू लागली की वीज तळाच्या मातीत उतरत राहते आणि आरसीसीबी असेल तर ती लगेच पडते. अस्तराच्या तळ्यात पाणी जणू प्लास्टिकच्या बादलीत भरलेले असते. मोटर गळते, सगळे पाणी भारले जाते, पण विजेला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून काहीच घडत नाही. मासे नेहमीसारखे फिरतात. मग कुणी काठावर उभे राहून पाण्यात हात घालतो आणि ती वाट स्वतःच्या अंगाने पुरी करतो. म्हणून अशा तळ्यात मोटरच्या धातूच्या अंगाला पक्की अर्थ वायर असलीच पाहिजे. मोटरचे अंग प्लास्टिकचे असेल तर पाण्यात सोडलेला लोखंडी पाइप किंवा पट्टी अर्थला जोडून घ्यावी, म्हणजे गळतीला माणसाच्या आधी दुसरी वाट मिळते.

इथेच आणखी एक गफलत होते. पाणबुडी मोटरची चपटी केबल तीन तारांची असते. तिसरी तार अर्थची असणार असे आपण धरून चालतो. तशी ती नसते! थ्री फेजमध्ये तिन्ही तारा फेजच्या असतात. सिंगल फेजच्या, पेटीतून चालणाऱ्या मोटरमध्ये त्या स्टार्ट, रन आणि कॉमनच्या असतात. अर्थसाठी वेगळी तार मोटरच्या बोल्टला जोडून वर आणावी लागते, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते. आपल्या मोटरला ती आहे का, हे पुढच्या वेळी मोटर वर काढाल तेव्हा डोळ्यांनी पाहून घ्या. मोटर दोरीने ओढावी, केबलने नव्हे. रंगांचेही तसेच. आपल्या जुन्या पद्धतीत लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ; थ्री फेजमध्ये निळी तारही फेजची. परदेशी बनावटीच्या लहान पंपांत मात्र तपकिरी फेज असते आणि निळा न्यूट्रल. रंगावर विसंबून जोडणी करू नये.

वायर झाडावरून नेण्यात काय वाईट, असे कुणी विचारील. घरातली साधी वायर उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते, फांदी घासून साल निघते, वाऱ्यात सांधा सुटतो. जमिनीवर टाकली तर उंदीर आणि नांगर आहेतच. एकदाच खर्च करून आर्मर्ड केबल घ्यावी आणि पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट खोल पुरावी. खाली-वर वाळूचा थर, त्यावर विटांची ओळ, म्हणजे पुढे कुणी कुदळ मारली तर आधी वीट लागेल. केबल कुठून गेली याची खूण कुंपणाच्या खांबावर रंगवून ठेवावी. मधे सांधा नको. द्यावाच लागला तर राळ ओतून करण्याचा जलरोधक सांधा, टेपचा नव्हे.

जाडीत कंजुषी केली तर मोटर जळते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा अडथळा शंभर मीटर अंतराला जाऊन-येऊन सुमारे २.४ ओहम होतो. एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर सहा अँपियरच्या आसपास घेते, तेव्हा चालताना १४-१५ व्होल्ट वाटेतच संपतात. सुरू होताना ती पाचपट वीज ओढते. त्या क्षणी सत्तर व्होल्ट गेले म्हणून मोटर नुसती घुमते. अडीच चौरस मिलिमीटर घेतली तर हा ऱ्हास बराच कमी होतो. चार घेतली तर उत्तमच. आपल्याकडे मुळातच संध्याकाळी व्होल्टेज पडलेले असते.

तळ्याकाठी स्विचची पेटी काठापासून दोन मीटर तरी मागे, छातीच्या उंचीवर आणि छपराखाली असावी. केबल पेटीत खालून घ्यावी व त्याआधी तिला लोंबते वळण द्यावे, म्हणजे पाऊस त्या वळणावरून गळून जातो, पेटीत शिरत नाही. मासळीवाल्यांना हे अधिक लागू. तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, उजाडण्याच्या आधी. म्हणजे एअरेटर सुरू करायला माणूस जातो तो अंधारात, दवाने भिजलेल्या गवतातून, अर्धवट झोपेत. त्याची कळ घरातच किंवा घराच्या ओसरीवर आणली तर रोजची ती फेरी वाचते. आणि अर्थची तार न्यूट्रल म्हणून वापरून एका फेजवर दिवा लावण्याची जी युक्ती काही ठिकाणी चालते, ती आजच बंद करा. त्यात अर्थिंगचा खड्डाच जिवंत होतो. रानडुकरांसाठी कुंपणात थेट वीज सोडणे हा गुन्हा आहेच, शिवाय त्या कुंपणाला डुकराआधी शेजारच्याचे पोर हात लावते.

नुसता दिवा किंवा छोटे कारंजे हवे असेल तर २३० व्होल्ट पाण्यापर्यंत नेण्याची गरजच काय? पवित्र मरियेच्या ग्रोटोपुढे सिमेंटचे छोटे तळे कित्येक ठिकाणी असते. नाताळच्या गोठ्यातही मुले आरसा ठेवण्याऐवजी खरे पाणी भरतात आणि त्यावरून दिव्यांची माळ सोडतात. अशा ठिकाणी दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घरात, कोरड्या जागी ठेवून तिथून बारा व्होल्टच पुढे न्यावेत. स्वस्त अ‍ॅडॅप्टर पाण्याजवळ आणू नये, कारण २३० व्होल्ट त्याच्यापर्यंत आलेले असतातच. सौर म्हणजे निर्धोक, असाही एक समज पसरला आहे. लहान बारा व्होल्टच्या पाटीपुरता तो खरा आहे. मोठ्या सौरपंपाच्या पाट्या ओळीने जोडल्या की शेकडो व्होल्ट तयार होतात, आणि ऊन आहे तोवर पाटीतून येणारे ते व्होल्ट थांबवता येत नाहीत.

मोटर उपसताना किंवा तळ्यात उतरताना नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. आपल्याकडे वीज कधी येईल याचा भरवसा नसल्याने पुष्कळांनी ऑटो बसवलेला असतो. लाइन आली की तो मोटर आपणहून चालू करतो, पाण्यात कोण आहे हे त्याला काय ठाऊक. म्हणून मेन स्विच पाडावा, फ्यूजची किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवावी, मगच उतरावे. मे महिन्याच्या सुट्टीत मोटर जोडलेल्या तळ्यात मुलांना पोहू देऊ नये. अस्तराचे तळे तर विजेशिवायही घातकी. त्या गुळगुळीत उतारावरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. गाठी मारलेला दोर किंवा टायरची शिडी काठाला कायम बांधलेली असू द्या.

आणि एवढे करूनही कुणी सापडलेच तर? पहिली हाक ऐकताच धावत जाऊन हात धरणारा हाच दुसरा बळी असतो. बाप गेला, मागोमाग लेक गेला, अशा बातम्या आपण वाचतो त्या यामुळे. आधी मेन स्विच. तो दूर असेल तर कोरड्या पायताणासह कोरड्या जागी उभे राहून वाळलेल्या बांबूने वायर दूर करावी. माणूस पाण्यात असेल तर वीज तोडल्याशिवाय कुणीही पाण्यात उतरू नये. वरची मोठी लाइन तुटून पडली असेल तर बांबूही नको. दहा मीटर दूर राहून वीज कंपनीला कळवावे.

बाहेर काढलेल्याला वाळूत पुरणे, शेण फासणे, उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे, यांतले काहीही करू नका. हे सगळे करण्यात जी दहा मिनिटे जातात तीच त्याची असतात. कठीण जमिनीवर उताणे झोपवा. हाक मारून उत्तर नाही आणि श्वास नाही, किंवा अधूनमधून नुसता आचका येतो आहे, असे दिसले की एकाने १०८ किंवा ११२ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने लगेच सुरुवात करावी. पाण्यातून काढलेला असेल तर प्रथम हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून, कोपर ताठ ठेवून दाबावे. मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब. थकलात की दुसऱ्याने जागा घ्यावी, पण गाडी येईपर्यंत थांबू नये. बरगडी मोडेल ही भीती बाळगू नका.

धक्का बसून जो स्वतः उठून बसला, चहा प्यायला, ‘काही नाही झालं’ म्हणाला, त्यालाही दवाखान्यात न्यावे. बोटावर तीळभर डाग दिसतो आणि आतून स्नायू भाजलेला असतो. हृदयाची लय बिघडली असेल तर ती ईसीजीतच दिसते, म्हणून तो काढून घ्यावा. लघवीचा रंग गडद, चहासारखा झाला तर तेही डॉक्टरांना सांगावे. भाजलेल्या स्नायूंचा भार मूत्रपिंडावर येऊ लागल्याची ती खूण असते.